‘गेले’ शेऱ्याचे अकरा इसम

२ एप्रिल १९६२, सोमवार. अमरावती.

माझ्याआधी ही जागा सांभाळणाऱ्या नत्थुजी नावाच्या गृहस्थांनी जाताना एक ओळ लिहून ठेवली नाही. कोणते कार्ड कशाचे, कोणते कशाबरोबर लावायचे, काही नाही. माझ्यानंतर येणाऱ्यावर ही पाळी येऊ नये म्हणून ही वही लिहिणे भाग आहे. एरवी मला रोजनिशीची हौस नाही.

अकोल्याहून सकाळच्या गाडीने निघाले, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अकराच्या आत हजर झाले. मन प्रसन्न आहे. अठ्ठावीस वर्षे मुलींच्या शाळेत काढल्यावर तीन महिने घरी लोणची घालून पाहिली. ते आपले काम नव्हे. इथे नारूच्या रोगाची दोन वर्षांची पाहणी चालू आहे आणि तिच्या नोंदी नीट लावायला कुणीतरी शिस्तीचे माणूस हवे होते. कचेरी राजापेठेत, एका सरकीच्या व्यापाऱ्याच्या माडीवर. पूर्वेला मोठी खिडकी, भरपूर उजेड.

घाण मात्र अवर्णनीय. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. कार्डांच्या खणात भज्यांचे तेलकट कागद आणि पालीची वाळलेली शेपटी. मदतनीस म्हणून रुख्मिणी नावाची तिशीची बाई आहे, चौथीपर्यंत शिकलेली, हाताला चपळ. दोघींनी सोड्याच्या पाण्याने खोली धुऊन काढली. ती म्हणाली, "नत्थुजी असते तर म्हणाले असते, कार्डायले आंघोळ काहून घालून राहिल्या?" मी हसले. बरी जोडी जमेल.

५ एप्रिल, गुरुवार.

पुढच्या माणसासाठी कामाची पद्धत लिहिते.

नारू म्हणजे दोन-अडीच फूट लांब, शेवईसारखा पांढरा किडा. वर्षभर माणसाच्या अंगात वाढतो, मग पोटरीला किंवा घोट्याला फोड करून डोके बाहेर काढतो. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला तर आतच सडतो. फोडाला पाणी लागले की तो दुधासारखे काहीतरी पाण्यात सोडतो आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात पुढच्या वर्षी नवा किडा तयार. मला शेवयांची खीर आवडत असे. आता बंद.

आपल्याकडे रोग्यांना क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक जाड कार्डावर एक हजार बारीक चौकोन आहेत. चौकोन म्हणजे रोग्याचा क्रमांक. कार्ड माणसाचे नाही, लक्षणाचे आहे. ‘फोड उघडा’ या कार्डावर ज्यांचा फोड उघडा त्यांच्या चौकोनाला भोक. ‘पाण्यात उतरतात’ यावर तसेच. आता उघडा फोड घेऊन पाण्यात उतरणारे कोण, हे हवे असेल तर वह्या चाळायच्या नाहीत. दोन्ही कार्डे एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरायची. जिथून उजेड आरपार येईल ती माणसे.

इतकी सुंदर युक्ती, आणि नत्थुजी दोनच कार्डे लावत. तिसरे लक्षण हवे असले की पहिल्या दोघांचे उत्तर कागदावर उतरवून तिसऱ्याशी एकेक क्रमांक ताडत बसत. दोन-दोन दिवस. आळसाला कष्टांचा अंगरखा घातला की तो असा दिसतो.

११ एप्रिल, बुधवार.

पाहणीचे साहेब नागपूरहून येऊन गेले. करजखेडचा निकाल मेच्या मध्यापर्यंत लावायचा आहे.

करजखेड दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. गावात विहिरी नऊ, त्यातल्या आठ खारट. गोड पाण्याची एकच, तीही पायविहीर. लोक तिला बावडी म्हणतात. पायऱ्या उतरून, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून घागर भरायची. म्हणजे ज्या पाण्यात फोड बुडतो तेच पाणी घरी जाते. उत्तरेच्या पायऱ्या गावाच्या, दक्षिणेच्या खालच्या वस्तीच्या. वस्ती छप्पन्न सालापासून बौद्ध आहे; रुख्मिणी तिथलीच, तिची सासू पार्बताबाई अजून तिथे राहते.

उपाय सोपा. दोन्हीकडच्या पायऱ्या बुजवायच्या, कठडा बांधायचा, वर चाके बसवायची. पाणी दोरीने ओढा, पाय लावू नका. पण गावच्या प्रतिष्ठितांचा अर्ज आला आहे की रोग फक्त दक्षिणेकडून येतो, तेवढ्याच पायऱ्या बुजवाव्यात. पाणी एक आणि रोग निम्म्या पाण्यात! अर्ज वाचून मी हात धुतले.

साहेबांना पुरावा हवा. दोन्ही बाजूंनी उघडे फोड घेऊन पाण्यात कोण उतरते, त्यांची नावे. पायऱ्या पावसाच्या आत बुजल्या नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात अख्ख्या वस्तीच्या पायांतून किडे निघतील. त्यात रुख्मिणीची दोन लेकरेही, ती आजीजवळ राहतात. कार्डे पुसताना रुख्मिणीचे हात जरा जास्त दाबून फिरतात.

१७ एप्रिल, मंगळवार.

सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली. सहा कार्डे एकदम त्यात बसतात, खिडकीला टेकवली की झाले. आणखी एक नियम केला: प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर भोकांची संख्या लिहायची आणि सर्वांत कमी भोकांचे कार्ड पुढे ठेवायचे. पुढच्या कार्डावर वीसच भोके असतील तर हजार चौकोन शोधत बसायला नको, वीसच पाहायचे. दोन दिवसांचे काम एका मिनिटात. गावाकडची चौदा नावे निघाली, वस्तीकडची सोळा. प्रतिष्ठितांच्या अर्जावर हेच उत्तर. साहेबांकडे यादी गेली.

गावोगाव फिरून माहिती आणणारा देवमन आज आला होता. चौकट पाहून म्हणाला, "बाईनं तं शेवयाची मशीनच बसवली!" चहा दिला नाही.

२३ एप्रिल, सोमवार.

खणाच्या मागे फडक्यात बांधलेले सातवे कार्ड सापडले. करजखेडचेच. शेरा: ‘गेले’. अकरा भोके.

रुख्मिणी म्हणाली, ते राहू द्या. कारण विचारले तर म्हणाली, नत्थुजींनी बांधून ठेवले होते. हे कारण झाले का? कारण नसलेली गोष्ट मी वर्गात कधी चालू दिली नाही.

उलट हेच कार्ड महत्त्वाचे. जगायला बाहेरगावी गेलेली माणसे पायात किडा घेऊन जातात आणि तिकडच्या विहिरी नासवतात. म्हणून आज सहाच्या चौकटीत सातही कार्डे दाटीने घातली: करजखेडचे, बावडीचे पाणी पिणारे, पाण्यात उतरणारे, फोड उघडा, नारू आत तुटलेला, औषधपट्टी न झालेले, गेले. ‘गेले’ सर्वांत पुढे.

अकराच्या अकरा चौकोनांतून उजेड आला. एकही गळला नाही. सात चाळण्यांतून एकही दाणा अडू नये, हे जरा विचित्र. पण स्वच्छ उत्तर आहे. एका भोकाच्या कडेला चिकट ओल होती. पुसली. बोटाला उग्र वास राहिला, तीन वेळा साबण लावला.

२७ एप्रिल, शुक्रवार.

अकरा जणांच्या नावे नोटीस काढली. सही माझी. ‘खालील अकरा इसमांनी सोमवार दि. ७ मे रोजी सकाळी नऊ वाजता करजखेड येथील पायविहिरीवर जखम दाखवण्यासाठी न चुकता हजर राहावे.’ तारीख मुद्दाम अक्षयतृतीयेच्या सुमाराची धरली. त्या सणाला गेलेली माणसे घरी येतात.

कोतवालाने बावडीच्या तोंडाशी उभे राहून नावे मोठ्याने वाचावीत, असेही लिहिले.

८ मे, मंगळवार.

देवमन आला. आज टवाळी नाही. जिन्यातच बसला, पाणी मागितले, माठाकडे पाहिले आणि प्यायला नाही.

म्हणाला, "बाई, गेले मंजे बाहेरगावी नाई. गेले मंजे गेले. मेले थे. अकराही."

मी विचारले की मग फॉर्मवर ‘मयत’चा रकाना कशासाठी आहे. तर म्हणे, घरची माणसे समोर रडत असताना त्यांच्या तोंडावर मयत कसे लिहायचे? दोन वर्षांत त्याने तो रकाना एकदाही भरलेला नाही. कुणी धनुर्वाताने गेले, कुणी जखम सडून. सगळ्यांचा किडा आत तुटलेला.

एक शब्द. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई.

काल कोतवालाने नावे वाचली तेव्हा बायका त्याच्या अंगावर धावून गेल्या, मेलेल्यांना हाका काय मारतोस म्हणून. मग ओरडा आपोआप थांबला. कोरड्या पायऱ्यांवर, भर उन्हात, ओली पावले उमटायला लागली. वरून खाली. माणूस कुणी नाही. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर. पाण्याशी जाऊन थांबली. नऊ वाजले होते.

देवमन म्हणाला, "तुमी त्यायले बलावलं, थे आले. आता वापस कोन धाडीन?"

मी त्याला घरी जाऊन झोपायला सांगितले. उन्हाचा चटका लागला असावा.

१० मे, गुरुवार.

स्वतः करजखेडला जाऊन आले. देवमनला ऊन लागलेले नाही.

दुपारी बाराला खाली उतरले. शेवटच्या पायरीवर घोट्याएवढे पाणी आहे आणि त्या पाण्यात अकरा ठिकाणी पाय आहेत. पाय दिसत नाहीत. पाणी तिथे बाजूला सरलेले दिसते, पावलाच्या आकाराने, दोन-दोन. पाच जोड्या उत्तरेला, सहा दक्षिणेला. आपापल्या पायऱ्या सोडलेल्या नाहीत. एवढेही मरून सुटत नाही! प्रत्येक घोट्याशी पाणी दुधाळ, आणि त्या दुधात पांढरे दोरे. एक दोरा माझ्या पायरीकडे वळला. डोके वर करून.

मी वर आले आणि ओकले. साऱ्या गावासमोर.

पार्बताबाई काठावर बसून होती. तिच्या मते यात नवल काही नाही. "नारू पुरा निघल्याबिगर मानूस जात नाई, माय. त्याले पानी पाह्यजे. तुमी तं नाव घेऊन पान्यावर बलावलं." रागावली नव्हती. त्याचा जास्त त्रास झाला.

तीन दिवस कुणी गोड पाणी भरलेले नाही. खारट पाण्याने पोरांना ओकाऱ्या होत आहेत. आणखी दोन दिवसांत तहान भीतीला हरवील आणि लोक उतरतील. तेच दूध घागरीत भरतील.

१२ मे, शनिवार.

नत्थुजींना शेंदूरजनाघाटला तार केली होती, तिथे ते आता संत्र्यांच्या धंद्यात आहेत. उत्तराचे पोस्टकार्ड आले. ‘बाई, दोन कार्डांत उजेड दिसतो. सातांत वाट होते. मी गेले-चं कार्ड तिसरं म्हणून लावलं होतं. खिडकीबाहेरून कोणी आत पाहिलं. माडीवर. मी नोकरी सोडली. लिहून ठेवलं असतं तर कोणी करून पाहिलं असतं.’

त्यांनी नाव मात्र कुणाचे घेतले नव्हते. नोटीस काढली नव्हती. ते मी केले.

१४ मे, सोमवार.

चौकट ओली. कुलूप माझ्याच हातचे. अकरा भोकांतून अकरा दोरे, सातही कार्डांतून आरपार, टोके हलत — आधी सुताचे वाटले. चिमट्याने एक धरला. काडीला गुंडाळतात तसा बाहेर येत राहिला. अडीच फूट. चार. सात. सोडून दिला.

रुख्मिणीने शेगडी पेटवून चिमटे भाजले. मी हात धुते आहे. सकाळपासून तेच.

१५ मे, मंगळवार.

साहेबांचा हुकूम आला: दोन्हीकडच्या पायऱ्या बुजवा. आपण जिंकलो. गोवर्धन मिस्त्री विटा घेऊन करजखेडला पोचला. पाण्यात पाय ठेवला आणि ओरडत वर आला. घोट्याला काहीतरी गुंडाळले गेले होते, ते हातानेच तोडले त्याने. म्हणतो, पाणी निवळेपर्यंत वीट लावणार नाही. त्याचे बरोबर आहे.

पार्बताबाईने आज घागर घेतली होती. लेकरांनी हट्ट धरला म्हणे. रुख्मिणीच्या दिराने पायरीवरून ओढून वर आणली. उद्या आणील का —

नोटीस रद्द करावी, असे मनात आले. पण रद्द करून ती जातील कुठे? तिथेच राहतील, पाण्यात.

१६ मे, बुधवार.

अठ्ठावीस वर्षे पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. निम्मे कधी आले नाहीत. ही अकराही वेळेवर आली. कागदाला मान देणारी माणसे आहेत.

मग दुसरा कागद.

‘पूर्वीच्या नोटिशीत जागा चुकली आहे. खालील अकरा इसमांनी गुरुवार दि. १७ मे रोजी दुपारी दोन वाजता अमरावती कचेरीत, माडीवर, समक्ष हजर राहावे. करजखेडच्या पायविहिरीवर यापुढे थांबू नये. जखम खाली सही करणाऱ्या बाई स्वतः पाहतील.’

कोतवालाने हात जोडले. रुख्मिणी म्हणाली, मी वाचते. मी नको म्हटले. ती म्हणाली, "बाई, लेकरं माह्ये हायेत." दुपारच्या बसने गेली.

माठ फोडला. तळाशी — नाही लिहीत.

१७ मे, गुरुवार. दुपारी १२.

रुख्मिणी सकाळी परतली. नावे सावकाश, स्पष्ट वाचली म्हणे, एकेकामागे थांबून. वाचून झाल्यावर पावले वर चढायला लागली. दोन्ही पायऱ्यांनी. ती बाजूला सरली, वाट दिली. वलगावजवळ बसच्या खिडकीतून तिला रस्त्यावर ओल दिसली. आपल्याच दिशेने येणारी.

किती पावले वर आली, मोजता आले नाही. गोवर्धन काठावर बसून आहे. अकराही इथे आले तरच तिथले पाणी निवळेल. एक जरी मागे राहिला तरी —

दुपारी १.१५. रुख्मिणीच्या ताब्यात दिले:

कार्डे एक ते सहा, कोरडी, वेगवेगळ्या कागदांत.

सातवे कार्ड, मेणकापडात. शेरा खोडून ‘मयत’ लिहिले आहे. कशाहीबरोबर लावू नये.

रोग्यांची वही. देवमनचे फॉर्म, दुरुस्त करून.

साहेबांचा हुकूम, गोवर्धन मिस्त्रीच्या नावे. कठडा गळ्याएवढा नको, कमरेएवढा. बायकांना ओढता आले पाहिजे.

कपाटाच्या किल्ल्या दोन.

चौकट दिलेली नाही. जाळली.

या वहीची पाने वेगळी काढून दिली, शेवटचे पान सोडून. ते माझ्याजवळ.

तिने सही केली. मागच्या जिन्याने जा म्हटले, तर मी जाणार नाही म्हणत होती. ओरडले तिच्यावर. गेली.

१.५५. वास आला. पट्ट्या, आयोडीन, चिमटा मांडून ठेवले आहे. सांगितले तसे पाहीन. किळस येते. भीतीपेक्षा किळसच. त्यांची नाही — काडीवर अर्धवट सोडून दिलेल्या त्या —

दोन. पुढचा जिना. पायरी ओली. मोजते. मोजलेच पाहिजे.

एक. दोन, तीन. एक म्हातारी असावी, पाऊल ओढत — चार. पाच. दाराशी दूध साचले आहे. सहा सात आठ. खुर्च्या कमी पडतील. नऊ. लहान पाऊल. हे लहान आहे, हे कुणी मला सांगितले नव्हते

दहा

दहा. जिना रिकामा. अजून एक. ये. अकराही नावे घेऊन हाक मारली. ये बाळ —

अकरा. सगळे आले. विहीर रिका